गिंबल असूनही चालताना शॉट हलतो: आधी कोण हलतंय ते शोधा

लग्नाचा हंगाम सुरू झाला की गिंबलबद्दल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरवाल्या हँडलबद्दल, हा प्रश्न ठरलेला असतो. "दादा, गिंबल घेतला, बॅलन्सही नीट केला, तरी चालताना शॉट हलतोच. मोटर खराब असेल का?" मग कुणी फर्मवेअर अपडेट करतं, कुणी पुन्हा पुन्हा कॅलिब्रेशन करत, म्हणजे गिंबलला सपाट काय ते नव्याने शिकवत बसतं, कुणी थेट बदलून मागायला दुकान गाठतं. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. तक्रार ज्या हालचालीची आहे, ती थांबवण्यासाठी गिंबल बनवलेलाच नसतो. म्हणून काहीही उघडण्याआधी किंवा बदलण्याआधी आपला शॉट नेमका कसा हलतोय ते पाहायचं.

तीन अक्षांचा गिंबल कॅमेऱ्याचं फिरणं अडवतो. लेन्स वर-खाली झुकते तो टिल्ट, डावी-उजवीकडे वळते तो पॅन, आणि चौकट तिरकी होते तो रोल. आतले जायरो आणि ॲक्सिलरोमीटर नावाचे सेन्सर हे फिरणं मोजतात आणि मोटरा तेवढ्याच उलट्या फिरतात. पण अख्खा कॅमेरा सरळच्या सरळ वर उचलला गेला आणि परत खाली आला, तर तो कुठेच झुकलेला नसतो. मोटरांना करण्यासारखं काही उरत नाही. चालताना नेमकं हेच होतं. दर पावलाला आपलं शरीर साधारण चार सेंटिमीटर वरखाली होतं, तेही सेकंदाला जवळपास दोनदा.

या दोन हालचाली चित्रात वेगळ्या ओळखता येतात. समजा फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलीमीटरची लेन्स आहे आणि व्हिडिओ फुल एचडी आहे. कॅमेरा चार सेंटिमीटर वर गेला, तर दोन मीटरवरचा विजेचा खांब चित्रात सुमारे २५ पिक्सेल खाली सरकतो. ५० मीटरवरची इमारत मात्र जेमतेम एक पिक्सेल. आता कॅमेरा वर न जाता एका अंशाने झुकला असं धरा. खांब आणि इमारत दोन्ही सारखेच, सुमारे २२ पिक्सेल हलतात. म्हणजे जवळचं डुलतंय आणि लांबचं स्थिर आहे, तर दोष चालीत. जवळचं-लांबचं सगळं एकत्र हलतंय, तर दोष गिंबलमध्ये, कॅमेऱ्यात किंवा त्यांच्या सेटिंगमध्ये.

परवा एका मुलाने पुण्यात कर्वे रोडवरच्या एका कार्यालयाबाहेरची वरात पाठवली होती. सोबत मेसेज, टिल्टची मोटर गेली म्हणून. क्लिपमध्ये नवरदेव, करवल्या, बँडवाले, सगळेच वरखाली होत होते. पण वरातीत माणसं नाचतच असतात, त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही. जागची न हलणारी गोष्ट शोधायची. डाव्या कडेला एक उभी स्कूटर होती, तिचा आरसा दर पावलाला चांगला बोटभर उडत होता. आणि त्याच फ्रेममध्ये मागच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी? एका जागी खिळल्यासारखी. टिल्टची मोटर आपलं काम चोख करत होती.

म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन क्लिप काढा. पहिली एका जागी उभं राहून, ५० मिलीमीटर किंवा त्याहून लांब लेन्सवर, साधारण अर्धा मिनिट. दुसरी वाइड, म्हणजे २४ मिलीमीटरसारख्या लेन्सवर, सरळ रेषेत चालत, जवळ एक उभी गाडी आणि लांब एखादी इमारत दोन्ही दिसतील अशी. दोन्ही मोबाईलवर न बघता कॉम्प्युटरवर मोठ्या करून बघा. दुसरी क्लिप दुप्पट वेगाने लावून पाहा, चालीतला हेलकावा लगेच डोळ्यात भरतो.

बहुतेकांची अडचण दुसऱ्या क्लिपची असते, त्यामुळे आधी चालीबद्दल सविस्तर.

गुडघे थोडे मोडलेले ठेवायचे आणि पूर्ण शॉट संपेपर्यंत सरळ करायचे नाहीत. उंची वाढते ती मुख्यतः ज्या पायावर वजन आहे तो अंगाखाली ताठ झाला की. पावलं नेहमीपेक्षा आखूड. पुढे जाताना टाच आधी टेकवायची आणि मग वजन हळूहळू चवड्यावर आणायचं, पाऊल आपटायचं नाही. मागे मागे चालताना उलटं, चवडा आधी आणि टाच नंतर. दोन्ही हातांनी हँडल धरायचं, कोपरं दुमडलेली पण बरगड्यांना चिकटलेली नकोत. चिकटली की धडाचा प्रत्येक धक्का थेट कॅमेऱ्यात जातो. सुटी असली की खांदा आणि कोपर मिळून त्यातला बराचसा गिळून टाकतात. कमरेच्या वर शरीर शांत आणि खालचे सांधे मऊ, एवढं साधलं तरी निम्म्याहून जास्त फरक पडतो. मांड्या भरून येतात, हे खरं आहे. सुरुवातीला रोज थोडा वेळ घरातल्या घरात, रिकाम्या हँडलनिशी चालून सवय केली तर लग्नाच्या दिवशी त्रास होत नाही.

पायात काय घालता याचाही परिणाम होतो. जाड, टणक टाचेचे बूट असले की पाऊल टेकल्याचा ठोका येतो. पातळ आणि वाकणाऱ्या तळाचे बूट बरे. मांडवाजवळ चपला-बूट काढायचेच असतात, तर तिथे मोजेही काढून अनवाणी चाला. कार्यालयांच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात, आणि अंतरपाट दूर होतानाच्या गर्दीत मागे सरकताना ते धोक्याचं आहे. वरातीसमोर उलटं चालायचं असेल तर एका माणसाने मागून तुमचा पट्टा किंवा खांदा धरायलाच हवा. खड्डा, दुभाजक, जनरेटरची केबल या गोष्टी मागे वळून न बघता कळत नाहीत, आणि मनात भीती असली की पाऊल आपोआप कडक पडतं.

चाल सुधारत असतानाच फ्रेमही शहाणपणाने निवडता येते. वरचा खांब आणि इमारतीचा हिशेब इथे कामी येतो. जी गोष्ट कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर आहे ती सर्वात जास्त उडणार. म्हणून चालत्या शॉटमध्ये कडेला जवळची कमान, खुर्च्यांची रांग, फुलांची माळ येऊ देऊ नका, किंवा मग तोच शॉट उभ्याने, फक्त शरीर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुकवून घ्या. लांब लेन्स लावून चालण्याचा मोह टाळा. गिंबल उत्तम असला तरी थोडं फिरणं उरतंच, आणि २४ मिलीमीटरवर जो एक अंश २२ पिक्सेलचा होता, तोच ८५ मिलीमीटरवर ८० पिक्सेलच्या आसपास जातो.

पायऱ्यांवर वेगळा प्रश्न येतो. पर्वतीच्या दगडी पायऱ्या चढत जोडप्यामागून जाणारा शॉट सगळ्यांना हवा असतो, पण प्रत्येक पायरीला शरीर एका दमात वर उचललं जातं आणि तिथे गुडघे पुरत नाहीत. शरीर वर जात असताना हात तेवढेच खाली सोडायचे आणि पुढच्या पायरीआधी हळूच वर आणायचे, हे जमतं पण वेळ लागतो. माझं मत विचाराल तर पायऱ्यांचा शॉट बाजूने घ्यावा, एका जागी उभं राहून, माणसांबरोबर पॅन करत. दिसायलाही तोच जास्त छान दिसतो.

दुसरा मार्ग स्लो मोशनचा. सेकंदाला ५० फ्रेम घेऊन २५ च्या टाइमलाइनवर ठेवल्या की सेकंदाला दोनदा येणारा हेलकावा सेकंदाला एकदाच येतो आणि डोळ्याला बराच मऊ वाटतो. नवरीच्या प्रवेशाला, अक्षता उडतानाच्या शॉटला हे चालून जातं. मंगलाष्टका आवाजासकट हव्या असतील तर अर्थातच नाही.

आणि ज्यांना दिवसभर चालते शॉटच घ्यायचे आहेत त्यांनी स्प्रिंगवाला आधार बघावा. गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात स्टेडिकॅम बनवला, तेव्हा कॅमेऱ्याखाली वजनं लावून तो संथ करणं हा निम्माच भाग होता. उरलेला निम्मा म्हणजे अंगावरच्या जॅकेटला जोडलेला स्प्रिंगचा हात, जो चालणाऱ्याची वर-खाली होणारी उंची स्वतःत जिरवतो. आजच्या मोटरवाल्या गिंबलमध्ये तो हात नसतो. गिंबलखाली लावायचे स्प्रिंगचे हँडल वेगळे मिळतात. मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या वजनाला ते जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर स्प्रिंग एकतर ताठ राहते किंवा पूर्ण दबून बसते.

आता पहिल्या क्लिपकडे. एका जागी उभं असतानाही चित्र थरथरत असेल तर चालीचा काही संबंध नाही.

आधी प्लेट बघा. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिकडे कुणी लक्षच देत नाही. कॅमेऱ्याखालचा पाव इंची स्क्रू बोटाने घट्ट वाटतो, पण कॅमेरा प्लेटवर केसभर फिरत असतो. एका हाताने प्लेट आणि दुसऱ्या हाताने लेन्सचं टोक धरून हलकेच पिळून पाहा. जराही टक असं जाणवलं तर नाणं किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन आवळा. जड लेन्स असेल तर लेन्सखालचा आधार लावाच. तो पेटीत पडून राहिलेला असतो.

मग बॅलन्स. गिंबल बंद ठेवून, आणि शूटला कॅमेरा जसा असेल अगदी तसा ठेवून. बॅटरी, कार्ड, माइक, हूड, फिल्टर सगळं लावलेलं, लेन्सची टोपी काढलेली, स्क्रीन ज्या बाजूला उघडणार त्या बाजूला उघडलेली, झूम ज्या फोकल लेन्थवर जास्त वापरणार तिथे. गळ्यातला पट्टा काढून टाका, तो वाऱ्यावर हलतो आणि मोटरांना उगाच कामाला लावतो. लेन्स आकाशाकडे करून सोडा, ती पुढे-मागे कलंडता कामा नये. मग लेन्स समोर करून सोडा, नाक खाली जाऊ नये की वर येऊ नये. टिल्ट खरोखर जमला आहे का, हे ४५ अंशावर थांबवून कळतं. तिथेही स्थिर राहिला पाहिजे. त्यानंतर रोल, आणि शेवटी हँडल थोडं तिरकं धरून पॅन. पॅन बहुतेक जण सोडून देतात, कारण हँडल सरळ असताना तो बिघडलेला कळतच नाही. हँडल तिरकं झालं की मात्र पॅनची मोटर सतत कॅमेऱ्याचं वजन पेलत राहते, गरम होते आणि थरथरते. क्रम बदलू नका. टिल्ट नीट नसेल तर रोलचा बॅलन्स खोटा येतो.

वजनाचा हिशेबही करा. सोनीचा ए सेव्हन फोर कॅमेरा बॅटरी-कार्डसकट ६५८ ग्रॅमचा आणि २४-७० जी मास्टर टू लेन्स ६९५ ग्रॅमची, मिळून साधारण १,३५० ग्रॅम. दोन किलो पेलणाऱ्या लहान गिंबलवर हे सहज बसतं. त्यावर माइक, छोटा लाइट आणि केज (कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट) चढवली की मात्र मर्यादा जवळ येते. मोबाईलच्या गिंबलवर तर ही चूक फारच होते. डीजेआयच्या ओएम ६ ची मर्यादा १७० ते २९० ग्रॅम आहे. मोठा फोन एकटाच २३० ग्रॅमच्या पुढे जातो. त्यात जाड कव्हर आणि मागे रिंग असेल तर मोटर दमणारच. कव्हर काढून शूट करा. एचडीएमआयची जाड, ताठ केबलही कॅमेऱ्याला एका बाजूला ओढते. मऊ आणि पातळ केबल तपकीर गल्लीत मिळून जाईल, तिला मोकळा झोल द्या.

बॅलन्सनंतर मोटरची ताकद. बहुतेक गिंबलमध्ये ही ताकद आपोआप ठरवणारं ऑटो ट्यून असतं, लेन्स बदलली की ते दर वेळी चालवा. ताकद जास्त झाली की हँडलला तळहात लावून बारीक गुणगुण जाणवते, माइकमध्येही ऐकू येते, आणि चित्रात केसासारखी सूक्ष्म थरथर दिसते. गुणगुण थांबेपर्यंत थोडी थोडी कमी करा. फार कमी केली तर कॅमेरा वळण संपल्यावर उशिरा थांबतो आणि जागेवर यायला झोके घेतो.

गिंबल शांत आहे, पण वाइड शॉटमध्ये कोपरे जेलीसारखे लपलपतात, असं असेल तर कॅमेऱ्याच्या आतलं स्टॅबिलायझेशन बंद करून पाहा. सेन्सर स्वतः हलून धक्का खोडायला जातो, गिंबलही तेच करत असतो, आणि २० मिलीमीटरच्या आसपासच्या लेन्सवर कडांना ते लगेच दिसतं. ५० च्या पुढच्या लेन्सवर चालू ठेवलेलं कधी कधी फायद्याचंच ठरतं. दोन्ही करून बघा आणि आपल्या लेन्ससाठी लिहून ठेवा. इलेक्ट्रॉनिक (सेन्सर न हलवता चित्रच कापून-सरकवून केलेलं) स्टॅबिलायझेशन मात्र कार्यालयाच्या मंद उजेडात बंदच ठेवा. ते चौकट सरळ करतं, पण संथ शटरमुळे आलेला पुसटपणा तसाच राहतो आणि स्थिर चित्र विनाकारण मधेमधे धूसर होतं.

दुपारच्या उन्हात, खडकवासल्याच्या पाण्याकाठी प्री-वेडिंग शूट करताना उलटी अडचण येते. उजेड जास्त म्हणून शटर १/१००० वर जातं, प्रत्येक फ्रेम कात्रीने कापल्यासारखी धारदार येते आणि उरलेसुरले बारीक धक्के टोचू लागतात. २५ फ्रेमला शटर १/५०, ५० फ्रेमला १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखालीही हेच आकडे लुकलुक टाळतात. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ २.८ वर १/५० ठेवायचं तर एनडी ६४ च्या आसपासचा, उजेड कमी करणारा फिल्टर लागेल. लॉगमध्ये (रंग नंतर सुधारण्यासाठीच्या फिक्या प्रोफाइलमध्ये) आयएसओ ८०० वर शूट करत असाल तर त्याहून तीन स्टॉप, म्हणजे आठपट, जास्त. आणि फिल्टर लावल्यावर पुन्हा बॅलन्स.

क्षितिज हळूहळू तिरकं होत जातं, ही तक्रार वेगळी. सपाट, न हलणाऱ्या जागेवर कॅलिब्रेशन करा. लाकडी स्टेजवर नको, आणि ढोल वाजत असताना तर मुळीच नको. नवरा-नवरीभोवती गोल फिरतानाच क्षितिज कलत असेल तर कारण कॅलिब्रेशनचं नाही. दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला एक मीटर वेगाने फिरलात तर बाहेरच्या दिशेने जो ओढा तयार होतो, तो ॲक्सिलरोमीटरला जवळपास तीन अंशांच्या झुकावासारखा वाटतो. एखाद-दोन सेकंद जायरो सांभाळून घेतो, फेरी लांबली की गिंबल हळूहळू त्या खोट्या झुकावावर विश्वास ठेवू लागतो. वेग निम्मा केला तर हा परिणाम पाव होतो. म्हणून फेरी संथ घ्या, शक्य तर मोठी घ्या, आणि पूर्ण गोल एका शॉटमध्ये न करता तुकडे जोडा.

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर शूट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोठ्या स्पीकरच्या अगदी तोंडाशी उभं राहिलात तर आवाजाच्या हादऱ्यानेच लेन्समधलं आणि सेन्सरचं स्टॅबिलायझेशन थरथरतं. चित्र पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. ते बंद करा आणि स्पीकरच्या बाजूला सरका. रेलिंगला किंवा गाड्याला टेकून उभं राहू नका. आणि मोबाईल बाइकच्या हँडलवर क्लॅम्प लावून शूट करू नका. इंजिनच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला आहे.

एडिटिंगमध्ये सुधारू, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. जायरोफ्लोसारखं सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या जायरोची नोंद वापरून फिरणं खोडतं, पण पावलांचा हेलकावा त्या नोंदीत नसतोच. ॲडोबीच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमधला वार्प स्टॅबिलायझर चित्र बघून काम करतो, त्यामुळे तो हेलकावा थोडा कमी करू शकतो. पण जवळचं आणि लांबचं वेगवेगळं हललेलं असल्याने एक धरलं की दुसरं सुटतं. तरी फोर केमध्ये शूट करून फुल एचडीत द्यायचं असेल तर कापायला जागा भरपूर मिळते, तेवढा आधार घ्यायला हरकत नाही.

हे सगळं करूनही उभ्या क्लिपमधली थरथर गेली नाही, तर गिंबल बंद करून, कॅमेरा काढून प्रत्येक अक्ष हाताने सावकाश पूर्ण फिरवा. सगळीकडे सारखाच हलका वाटला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडकल्यासारखं, खरखरल्यासारखं वाटलं किंवा पडल्यानंतर हाताला खुळखुळ जाणवत असेल, तर आता सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली. जाताना दोन्ही क्लिप पेनड्राइव्हमध्ये न्या, कॅमेरा आणि लेन्स सोबत ठेवा, आणि कोणता अक्ष कुठे अडतो ते दाखवा. नुसतं "हलतं" म्हटलं तर तेही कॅलिब्रेशन करून गिंबल परत हातात देतील.